तिसरी हाक

क्रांती चौकात सिग्नल सुटला आणि नेमकी त्याच वेळी स्वरदाच्या स्कुटीवरची दोराची गुंडाळीही सुटली. जाडजूड दोर भर रस्त्यात पसरला, मागच्या मोटारसायकलच्या चाकात अडकला आणि ती चालवणारा तरुण पडता पडता वाचला. मागच्या रिक्षावाल्यांनी हॉर्नचा असा काही गजर केला की विचारू नका.

"एवढा दोर!" चाकातला गुंता सोडवत तो म्हणाला. "फाशी कुणाला द्यायची, मॅडम?"

"मध्ये येईल त्याला."

"मंग मी आलोच की मधी..."

खरं तर स्वरदाला राग यायला हवा होता. आलं ते हसू. तिनं ते ओठातच दाबलं, पण त्यानं पाहायचं ते पाहिलं होतं. दोर कडेला घेऊन तो कोपरावर नीट गुंडाळू लागला. हात तेलानं काळे झालेले, पण गुंडाळी मात्र एकावर एक, सुबक.

"विहिरीत उतरायचंय," तिनं सांगून टाकलं. "पडेगावला, आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत आहे ना... लिंबाखालची."

त्याचे हात थांबले.

"तिच्यात नका उतरू," तो हळूच म्हणाला. "तिथं आसरा हायेत."

साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बाया. पाणी त्यांचं, आणि त्यांना न विचारता पाण्यात उतरला तो माणूसही त्यांचाच, अशी आपल्याकडची जुनी समजूत. स्वरदा पडली ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी. जे मीटरवर येत नाही त्याला ती हिशेबात धरत नसे.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "भेटल्या की त्यांनाच विचारते: आम्हाला आठवड्यातून एकदा टँकर येतो, तुमच्याकडे कधी येतो?"

तो हसला. हसायचं नव्हतं, तरी हसला. "मी मंदार. मोटार रिवाइंडिंगचं दुकान हाय माझं, पडेगावलाच. गाळ उपसायला पंप लागंल तुम्हाला. देतो. पण खाली उतरणार नाय, आधीच सांगून ठेवतो."

"उतरा म्हटलंय कुणी?"

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. जायकवाडी मृतसाठ्यावर गेलेलं, आणि शहर मात्र दौलताबाद रस्त्यानं पुढं पुढंच सरकत होतं. कालच्या शेतात आज रो हाऊस. घरात नळ चकचकीत, नळात हवा. दारोदार निळे ड्रम, आणि टँकरचा भोंगा वाजला की प्रोफेसर काय नि मॅनेजर काय, सगळे पाइप घेऊन धावत. कॉलनीचे अध्यक्ष तात्यासाहेब यांना ती विहीर बुजवून तिथं पार्किंग करायचं होतं. स्वरदा बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, "गाळ काढून तर बघू!" तात्यासाहेबांनी हात झटकले. महिनाअखेरच्या रविवारपर्यंत झरा दाखवा, नाहीतर मुरूम टाकतो, असं त्यांनी सांगितलं. स्वरदानं मान डोलावली. एकदा तिनं मान डोलावली की ती मान मोडेल, पण वाकणार नाही.

मंदार पंप घेऊन आला. पंप सोडून जायचं होतं, पण रोज संध्याकाळी त्या पंपाला काही ना काही होत होतं म्हणे. चांगला चालणारा पंप तो उघडून बसायचा आणि स्वरदा चहा घेऊन आली की मगच तो पंप बरा व्हायचा. पाणबायांवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला खोटं मात्र धड बोलता येत नव्हतं. स्वरदाला ते फार आवडलं.

गाळ उपसायला कॉलनीतली चार तरणी माणसं खाली उतरत. त्याआधी स्वरदा दोराला कंदील बांधून तळापर्यंत सोडायची. कंदील जळत राहिला की खाली हवा चांगली आहे, असं समजायचं.

"दिवा विझला नाय," मंदार म्हणायचा. "म्हंजे त्यांची हरकत नाय."

"म्हणजे प्राणवायू आहे."

"तुमच्याकडं त्याला प्राणवायू म्हणत असतील."

ती डोळे मोठे करायची. तो खाली मान घालून पान्ह्याशी खेळत बसायचा.

घोटाळा केला तो स्वरदानंच. उन्हासाठी ताडपत्री बांधली होती, ती वाऱ्यानं उडायची. लिंबाखाली ओळीनं सात दगड पडलेले होते, चांगले जड. तिनं ते उचलून ताडपत्रीच्या कडांवर ठेवले. मंदारनं पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं एक दगड उलटा केला. मागं जुना, विटलेला शेंदूर होता.

"मॅडम... आसरा हायेत ह्या."

बोलायला आणि कप्पीवरून गाळाचं घमेलं निसटायला एकच गाठ पडली. कुणाला लागलं नाही, पण खालची माणसं वर आली ती पुन्हा उतरेनात. तात्यासाहेबांनी त्याच संध्याकाळी रविवारचा जेसीबी सांगून टाकला.

"दगड जागेवर ठेवा," मंदार तिला म्हणाला. "सगळ्यांसमोर ओटी भरा, आमचं चुकलं म्हणा. माणसं येतील परत."

"दगड ठेवते. तुमच्या देवाला हात लावला, त्याची माफी तुमच्याकडे मागते, अगदी मनापासून. पण आसरा कोपल्या असं मी म्हणणार नाही. मला ते वाटतच नाही हो! ओठांवर एक आणि पोटात एक... नाही जमत."

"मंग कोण उतरणार?"

"मी."

त्यानं एक दगड उचलून लिंबाखाली ठेवला. मग म्हणाला, "माझा मामा ह्याच विहिरीत गेला. असाच दुष्काळ होता, असाच गाळ काढायला उतरला. बोलता बोलता खाली बसला तो उठलाच नाय. आई तेव्हा काठावर होती. लहान होती लई."

गाळातला विषारी वायू, हे उत्तर स्वरदाच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं. इतकंच म्हणाली, "म्हणून मी कंदील सोडते, मंदार. रोज सोडते."

त्यानं तिच्याकडे पाहिलं... आणि पाहतच राहिला.

रविवारी सकाळी सगळी कॉलनी गोळा झाली. जेसीबी रस्त्याला लागलाय, असा तात्यासाहेबांचा फोन आला होता. मंदारची आई, गीताबाई, खण-नारळ आणि हिरव्या बांगड्या घेऊन आली होती. सातही दगड आपल्या जागी होते. "तू भरतीस का, पोरी?" तिनं विचारलं.

"मावशी, मी मानत नाही. खोटी ओटी तुमच्या आसरांना तरी आवडेल का?"

गीताबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नाय आवडणार," ती म्हणाली आणि स्वतःच भरायला बसली.

स्वरदानं कंदील सोडला. तळाशी तो शांत जळत राहिला. ती कमरेला दोर बांधायला लागली, तोच मंदारनं तिच्या हातातून दोर काढून घेतला.

"तुम्ही? तुम्ही तर मानता ना?"

"मानतो की. आत्ताबी पाय कापायलेत, बघा. पण तुम्ही खाली अन् मी वर... ते नाय जमायचं मला." आणि भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी पायऱ्यांवर पाय टेकत तो उतरूही लागला. गीताबाईच्या हातातलं कुंकू सांडलं, पण तिनं लेकाला अडवलं नाही.

थोडा वेळ कुदळीचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"मंदारराव?"

उत्तर नाही.

दिवा जळत होता. हवा होती. शास्त्राप्रमाणे घाबरायचं काहीच कारण नव्हतं. स्वरदा घाबरली. आयुष्यात कधी घाबरली नव्हती इतकी घाबरली.

"मंदार!!"

काही नाही. मग मात्र दोर नाही, कंदील नाही, शास्त्र नाही. ती सरळ पायऱ्यांवरून उतरत सुटली. तळहात खरचटले, चप्पल कुठं गळून पडली ते कळलंही नाही. वर लोक ओरडत होते. तळाशी पोचली तर हे महाशय गुडघाभर चिखलात धडधाकट उभे! कुदळीनं मोकळ्या केलेल्या कपारीवर तळवा ठेवलेला, आणि बोटांमधून पाण्याची बारीक धार उतरत होती. गढूळ, थंडगार.

"ओ द्यायला काय होतं रे तुला?" तिनं त्याच्या छातीवर दोन्ही मुठी आपटल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. "मेले असते ना मी!"

"विहिरीत पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नसती," तो कसंनुसं म्हणाला. "आसरा ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारतात. लई... लई आवडत्या माणसाच्या. दोनदाच मारतात. तिसरी हाक आली तर ते आपलं माणूस." त्यानं मान खाली घातली. "मी तिसरीची वाट बघत होतो."

स्वरदा बघतच राहिली. हसावं की पुन्हा एक गुद्दा घालावा, तिला कळेना. हा वेडा माणूस जन्मभर असाच दगडांना हात जोडणार, आणि आपण जन्मभर त्याच्याशी वाद घालणार, हे तिला त्या चिखलात उभ्या उभ्या लख्ख दिसलं. आणि ते तिला हवं होतं. अगदी ठरवून, मान डोलावून हवं होतं.

"मला दम निघाला नाही तिसऱ्या हाकेपर्यंत," ती म्हणाली.

"मंग आता मारा की."

"मारा नाही. मार म्हण."

"...मार."

वर 'पाणी लागलं'ची ओरड उठली होती आणि नुकत्याच आलेल्या जेसीबीचा घरघराट थांबला होता. गीताबाई काठावरून दोघांची नावं घेऊन हाका मारत होती, आणि दोघंही ऐकत नव्हते. पाणी आता त्यांच्या गुडघ्यांभोवती फिरू लागलं होतं. स्वरदानं त्याचा चिखलानं माखलेला हात आपल्या खरचटलेल्या हातात घट्ट धरला.

"मंदार," तिनं हाक मारली.

"ओ," तो म्हणाला.