आरशात दिसेल तिथे

"मॅडम, मला पायांशी बोलायची सवय नाही. जरा चेहरा दाखवता का?"

मी तेव्हा एका लालभडक गाडीखाली उताणी पडले होते. हातात टेप, तोंडात पेन्सिल, आणि डोळे गाडीच्या मागच्या बाजूला ट्रेलरचा हुक कुठे बसेल त्या जागेवर. सरकत बाहेर आले तर हा समोर उभा. गाड्या विकणारा. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि हसू दाबायची धडपड चाललेली... ती काही जमत नव्हती. मला उठवायला त्याने हात पुढे केला. मी तो पाहिला आणि आपली आपणच उठले. आमचा बाणाच तसा.

"ही हवीय," केसांतली माती झटकत मी म्हटलं. "ट्रेलर ओढायला. आईबाबांना फिरवायचंय."

"नको."

"नको म्हणजे? तुम्ही इथे गाड्या विकता की राखता?"

"ट्रेलरचं वजन किती?"

"सातशे किलो. काट्यावर करून आणलंय." हे मी जरा मान उंच करूनच सांगितलं.

त्याने त्या लाल गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. "ओढेल हो. ओढायला काय, लहान पोरही हातगाडी ओढतं. पण उतारावर तीच हातगाडी मागून ढकलायला लागली, की... तेव्हा थांबवता आली पाहिजे. आत आईवडील बसणार असतील तर नक्कीच. ही नाही थांबवणार."

"बरं. मग ती निळी?"

"नको. तिचं मागचं टोक लांब आहे. वारा आला की ट्रेलर शेपटीसारखा हलेल."

"ती पांढरी?"

"तिला हुक लावायलाच बनवणाऱ्यांनी मनाई केलीय."

असा विक्रेता मी जन्मात पाहिला नव्हता. गिऱ्हाईक चालत दारात आलंय आणि याचा आपला नन्नाचा पाढा चालू! मी तिथल्या तिथे त्याचं बारसं करून टाकलं — नन्ना.

खरं सांगायचं तर मला राग आला होता. तो ट्रेलर कुणी दुकानातून आणलेला नव्हता. मी फर्निचर बनवते. कारखान्यातलं काम संपलं की घरामागच्या अंगणात तो ट्रेलर बांधत होते. शेजारी येता-जाता विचारायचे, "काय, चाकांवरचं खोपटं कुठवर आलं?" आई खुशाल त्यावर ओल्या चादरी वाळत घालायची. आणि बाबा... बाबांसाठीच तर सगळं चाललं होतं.

बाबांनी उभा जन्म ट्रक चालवला. माल दुसऱ्याचा, गाव दुसऱ्याचं. समुद्र त्यांनी कितीदा पाहिला, पण आम्ही कधीच बरोबर नव्हतो. "पुढच्या खेपेला नेतो," म्हणायचे. ती खेप यायच्या आत डोळे अधू झाले आणि त्यांनी स्टीअरिंग सोडलं. म्हणून मी मनाशी ठरवलं होतं — मी बांधलेल्या घरातून, मी चालवलेल्या गाडीतून त्यांना समुद्रावर न्यायचं. पण बाबा रोज संध्याकाळी ट्रेलरभोवती एक चक्कर मारायचे, पायाच्या अंगठ्याने टायर दाबायचे आणि म्हणायचे, "बघू." बस्स. एवढंच. कौतुकाचा एक शब्द ऐकायला माझे कान आसुसले होते.

"मी येऊन बघू का तो ट्रेलर?" नन्नाने विचारलं.

"कशाला? त्यालाही नको म्हणायला?"

"तुम्ही इतक्या तोऱ्यात सांगताय... म्हटलं, बघावं तरी एवढं काय आहे."

सुट्टीच्या दिवशी तो स्वतःची दणकट गाडी घेऊन आला. त्याने चपला काढायच्या आत आईने विचारून घेतलं — घरी कोण कोण, स्वयंपाक येतो का, आणि हे गाड्यांचं काम कायमचं आहे ना. मला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं. तो मात्र एकेका प्रश्नाचं शहाण्या मुलासारखं उत्तर देत होता.

मी ट्रेलरचं दार उघडलं. तेल पाजलेल्या लाकडाचा वास बाहेर आला. तो वाकून आत शिरला. एक खण ओढला. हलकेच ढकलला. खण आवाज न करता आत गेला. त्याने तो पुन्हा ओढला, पुन्हा ढकलला. मग तिन्ही बिछाने पाहिले, आणि बाकाखालून उघडणारी एक जास्तीची फळी.

"ही चौथी कुणासाठी?"

"सामानासाठी," मी घाईने म्हटलं.

"अस्सं." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कपाटांकडे. "ही कपाटं... सागवान?"

"भरीव!"

"आणि वजन केलंत ते कपाटं बसवायच्या आधी की नंतर?"

वजन केलं होतं ते नुसता सांगाडा उभा राहिला तेव्हा. नंतर मी हात सैल सोडून कपाटं केली, खण केले, दुमडणारं टेबल केलं. काट्याची आठवणच उरली नाही. लाकूड दिसलं की माझं भान जातं ते असं.

त्याच्या गाडीला ट्रेलर जोडून आम्ही दोघं आणि बाबा वजनकाट्यावर गेलो. काटेवाल्याने खिडकीतून आकडा ओरडून सांगितला. जवळजवळ दुप्पट! तो बाहेर आला, त्याने ट्रेलरमध्ये डोकावून पाहिलं आणि हसत सुटला.

"कुणी केलंय हे? ट्रेलर आहे की कपाटांचं दुकान?"

माझी मान खाली गेली. सगळा तोरा त्या काट्यावर उतरला होता. तेवढ्यात मागून आवाज आला.

"माझ्या मुलीने केलंय."

बाबा होते. ट्रेलरच्या दाराला हात लावून उभे. "एक खिळा नाही त्या कपाटांना. सांधे बघा जरा जवळून. मग हसा."

काटेवाल्याने खरंच जवळून पाहिलं, आणि मग हसला नाही. रोज संध्याकाळी बाबा चक्कर मारायचे ते टायरसाठी नव्हे, हे मला तेव्हा कळलं. अंधुक डोळ्यांनी, बोटांनी चाचपून, त्यांनी एकेक सांधा पाहिला होता. माझे डोळे भरून आले. लपवायला मी ट्रेलरच्या पलीकडे गेले, तर तिथे नन्ना.

"कपाटं काढते मी," नाक ओढत म्हटलं. "हलकी बसवते. मग ती लाल गाडी तरी —"

"नको."

हाच शब्द, पण या वेळी त्याचा आवाज वेगळा होता. "गाडी बदलू. वाटेल तितक्या बघू. यातलं एकही कपाट हलवायचं नाही. असं काम... मी पाहिलेलं नाही कुठे."

तो मला तिथेच आवडला. काट्याच्या धुळीत, नाक लाल झालेलं असताना. उगीच आडपडदा कशाला!

मग गाड्या बघणं सुरू झालं. चढावर चालवून बघ, उतारावर थांबवून बघ. मी चालवायची, तो शेजारी बसून नको म्हणायचा. एक गाडी तर मला पुरेशी वाटत होती, तरी त्याने नाकारली.

"हिच्यात काय खोट आहे?"

"काही नाही..." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "हिला हो म्हटलं तर उद्यापासून तुम्ही कशाला याल?"

मला हसू आलं आणि गिअर चुकला. "शेजारी बसून लक्ष विचलित करणारा माणूसही वजनात धरायचा का?"

"धरा. मी बराच जड आहे."

शेवटी सापडली ती सात जणांची, डिझेलवर चालणारी, ट्रेलरपेक्षा अंगाने भारी. आई म्हणाली, "रंग कसला हा, चहा सांडल्यासारखा!" बाबा मात्र चालकाच्या जागी बसले, ब्रेकवर पाय ठेवला, डोळे मिटले आणि मान हलवली. "हीच." नन्नानेही पहिल्यांदाच हो म्हटलं, जरा नाइलाजाने.

निघायच्या आदल्या दिवशी ट्रेलर जोडून मी बाबांना आणि नन्नाला घेऊन गावाबाहेर एक फेरी मारली. परत आलो तर अंगणाचं फाटक समोर. अरुंद. आणि शेजारीपाजारी गॅलरीत.

"मी लावून देऊ आत?" नन्नाने विचारलं.

"नको," मी म्हटलं. आता माझी पाळी होती.

तो मोकळेपणाने हसला. "मग मी मागे उभा राहतो. एकच नियम. मी आरशात दिसत नसलो की थांबायचं. लगेच."

ट्रेलर मागे घेणं म्हणजे सगळं उलटं. चाक डावीकडे वळवलं की तो उजवीकडे जातो. बाबा शेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते. मी आरशात फक्त त्याचा हात पाहत होते. जरा इकडे... बस... सरळ... ये... फाटकाचा खांब हळूच मागे गेला. दुसराही गेला. आणि अचानक आरसा रिकामा.

मी ब्रेक दाबला. तो माझ्या खिडकीशी उभा होता.

"का थांबलात? चांगलं जात होतं."

"तू दिसत नव्हतास."

तू... निघून गेलं तोंडातून. बाबांना एकदम पलीकडची भिंत फार आवडायला लागली.

"मुद्दाम आलो," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "उद्या तुम्ही जाल, मग धीर होणार नाही. मला तुम्ही... मला तू आवडतेस. नुसते पाय दिसत होते तेव्हापासून."

मी खरं तेच सांगितलं. "मलाही तू आवडतोस. पण बाजूला येऊन उभा राहू नकोस असा. आरशात दिसशील तिथे राहा."

"कायम?"

"कायम."

पायरीवरून आई ओरडली, "अगं, त्या चौथ्या फळीचं सामान आलं वाटतं!"

शेजारी हसले. मीही हसले, तो परत मागे आरशात दिसायला लागला, आणि मी ट्रेलर एका दमात, कुठेही न घासता, आत घेतला. बाबा उतरले. ट्रेलरभोवती चक्कर मारली. अंगठ्याने टायर दाबला. मी श्वास रोखून त्यांच्या "बघू"ची वाट पाहत होते. त्यांनी फाटकाचे खांब चाचपले, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि आरशात दिसेल तिथे अजून उभ्या असलेल्या नन्नाकडे मान वळवली.

"बघितलं," बाबा म्हणाले. "उद्या त्यालाही घे."