टचपॅडवरची झिजलेली जागा

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. करंट येतो नाहीतर येत नाही, मधलं काही नसतं, असंच मानत आलोय. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी तोंडावर चेष्टा करायचो. तरीही खाली लिहिलेलं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. आणि तेही भर दिवसा.

साल २००८. नोव्हेंबर. शुक्रवार, दुपारचे साधारण चार.

माझं दुकान तेव्हा कोल्हापुरात राजारामपुरीत होतं, एका क्लासच्या खाली. छोटी खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि भंगाराचं एक खोकं. माझं नाव शिवप्रसाद, मूळचा गडहिंग्लजकडचा. लग्न व्हायचं होतं आणि तोंडात कायम शहाणपणा.

त्या दुपारी मीनाबाई आल्या. पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्यात त्या आया म्हणून काम करायच्या, म्हणून तोंडओळख होती. पदराखाली एक जुना लॅपटॉप धरला होता.

“भाऊ, ह्याच्यावर आपसूक क्लिक हुतंय. बघा की जरा.”

मला हसूच आलं. निम्म्या लॅपटॉपची तेव्हा हीच तक्रार असायची. टचपॅडला बोट नुसतं टेकलं तरी मशीन त्याला क्लिक समजतं. कंट्रोल पॅनलमध्ये जायचं, माऊसची खिडकी उघडायची, ‘टॅपिंग’समोरची खूण काढायची. संपलं.

“मावशी, दोन मिनिटं बसा. चहा संपायच्या आत देतो.”

त्या बसल्या नाहीत. टेबलाला धरून उभ्या राहिल्या आणि सांगायला लागल्या.

लॅपटॉप त्यांच्या मुलाचा. प्रसेनजीत. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. वर्षापूर्वी कागलच्या रस्त्यावर गाडीनं उडवलं, जागीच गेला. खिशातला मोबाईल, कॉलेजचं ओळखपत्र, सगळं त्यातच गेलं. घरात त्याचा एकच फोटो होता, तोही चौथीतला.

“परवा रविवारी त्याच्या वर्साचं पुण्यानुमोदन हाय. विहारातलं भन्ते येणार, पावणं येणार. पोराचा फोटो ठेवाय पायजे की वो. चौथीतलं लेकरू ठेवू काय तिथं? बावीस वर्साचा हुता त्यो.”

फोटो सगळे लॅपटॉपमध्ये. थोरली मुलगी दीक्षा आठवडाभर खटपट करत होती. पण फोटो उघडला, की बंद होत होता. पेन ड्राइव्हवर घ्यायला गेलं, की मध्येच रद्द होत होतं.

“एक फोटो द्या काढून. एकच. बाकी काय न्हाय मागत मी.”

मी सेटिंग उघडलं. खूण काढली. ओके केलं.

परत उघडून बघितलं तर...

खूण जागेवर.

परत काढली. परत आली. चार वेळा. म्हटलं, ड्रायव्हर, म्हणजे पॅड चालवणारा प्रोग्रॅम, बिघडलाय. तो काढून दुसरा टाकला, मशीन बंद-चालू केलं. खूण होतीच. मग टचपॅडच बंद करून ठेवला आणि बाहेरून माऊस जोडला. आता बघू कोण क्लिक करतंय, असं मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा.

फोटोंचं फोल्डर उघडलं. पहिला फोटो उघडला.

गच्चीवर लाल प्लॅस्टिकची खुर्ची. तीत एक बारीक अंगाचा मुलगा, हाफ शर्ट, हसू दाबून बसलेला. मी बघितलाय त्याला. हे लक्षात ठेवा, त्या शुक्रवारी मी त्याला नीट बघितलाय.

माझा हात माऊसवरून बाजूला होता. तेवढ्यात बाण...

सरकला. सावकाश. वरच्या कोपऱ्यातल्या फुलीवर जाऊन थांबला.

फोटो बंद.

त्याच वेळी लाईट गेली. तेव्हा लोडशेडिंगच होतं, त्यात नवल काही नाही. पंखा थांबला, वरच्या क्लासचा माईक थांबला. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. दुकान एकदम शांत झालं.

आणि त्या शांततेत मला ऐकू आलं...

टिक.

जरा थांबून परत. टिक. टिक.

टचपॅडला आवाज नसतो. आवाज असतो तो खालच्या दोन बटणांना. हा बटणांचा नव्हता. काचेवर नख आपटावं तसा होता, आणि येत होता पॅडच्या मधून.

मी वाकून बघितलं. पॅडच्या उजव्या बाजूला एक जागा झिजून गुळगुळीत झाली होती. बोटाच्या पेराएवढी. बाकी पॅड खरखरीत, तेवढीच चमकत होती.

मीनाबाईंनी तिथं अलगद बोट ठेवलं. “त्याचं बोट हितंच असायचं,” म्हणाल्या. “कामावरनं आले की रोज जरा हात लावते मी.”

आवाज थांबला.

त्यांना उद्या दुपारी बारा वाजता यायला सांगितलं. त्यांची दवाखान्यात जायची वेळ झाली होती. दारातून परत वळून म्हणाल्या, “हुईल न्हवं?”

“होईल की,” मी म्हणालो.

लाईट आल्यावर मी कामाला लागलो. हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली. दिसलीच नाही. परत लॅपटॉपमध्ये बसवली, तर व्यवस्थित चालू. मग मात्र माझा ताबा सुटला. पेचकस घेतला, लॅपटॉप उलटा केला आणि टचपॅडच उपसून काढला. खोक्यात त्याच मॉडेलचं एक मेलेलं मशीन पडलं होतं. त्याचा पॅड काढून याला बसवला.

खूण काढली. ती गेली ती गेलीच. बोट टेकवलं, क्लिक नाही. बटण दाबलं, क्लिक. एकदम नीट.

आमच्या धंद्यात एक वाईट खोड आहे. गिऱ्हाईक जी तक्रार सांगतं, तेवढीच तपासायची. क्लिकची तक्रार होती, क्लिक तपासलं. फोटो उघडून बघितले नाहीत. त्याची शिक्षा मी अजून भोगतोय.

लॅपटॉप मिटला आणि शटर ओढायला उठलो. जुना पॅड टेबलावर पडला होता. सुटा. ना वायर, ना करंट.

तो...

टिक.

खरं सांगतो, भ्यालो. त्यावर वर्तमानपत्र टाकलं, गुंडाळला आणि खोक्याच्या तळाशी कोंबला. वर दोन जुने कीबोर्ड ठेवले. घरी कुणाला काही बोललो नाही.

शनिवारी सकाळी दहाला नेहमीप्रमाणे आकाराम आला, भंगारवाला. दर शनिवारी तो खोकं रिकामं करून न्यायचा. मी त्याला अडवू शकलो असतो. उलट मीच म्हणालो, “सगळं ने आज, तळापासून.”

बारा वाजता मीनाबाई आल्या. मी मोठ्या तोऱ्यात लॅपटॉप पुढं केला. त्यांनी स्क्रीनकडे बघितलंच नाही. आधी बोट पॅडवर ठेवलं.

आणि लगेच उचललं.

“हे कुणाचं हाय?”

“नवीन घातलाय मावशी. जुना खराब झालेला.”

त्यांनी बोट पदराला पुसलं. मी घाईघाईनं फोल्डर उघडलं. पहिला फोटो उघडला. बंद झाला नाही. बाण जागचा हलला नाही.

गच्ची होती. लाल खुर्ची होती.

खुर्ची...

रिकामी होती.

मला वाटलं, दुसरा फोटो उघडला असेल. पुढचा उघडला. रंकाळ्याचा कठडा, चार मित्र, मध्ये एका माणसाची जागा मोकळी. दोघांचे हात त्या मोकळ्या जागेत, कुणाच्या तरी खांद्यावर टाकल्यासारखे. त्याच्या पुढच्यात स्टँडवर लावलेली मोटारसायकल, वर कोणीच नाही. सदतीस फोटो होते. मी सगळे उघडले. एकातही तो मुलगा नव्हता.

मीनाबाईंचा आवाज फार बारीक झाला होता. “भाऊ, कुठं गेला त्यो? काल तर हुता. तुम्ही बी बघितलासा न्हवं?”

“बघितला मावशी.”

“मग जुनं ते परत बसवा. हुं दे तसंच क्लिक. एका सेकंदानं बंद हुं दे. पण दिसंल तरी. कुठं टाकलासा ते?”

मी शटर अर्धं ओढलं आणि त्यांना गाडीवर बसवून उद्यमनगरच्या मागं आकारामच्या गोदामाकडं निघालो. वाटेत त्यांनी माझा शर्ट मागून घट्ट धरला होता.

गोदामात कॉम्प्युटरच्या भंगाराचा ढीग माणसाच्या उंचीचा होता. आकाराम म्हणाला, “सकाळचा माल? त्यातला निम्मा गाडीत भरून गेला की राव. निम्मा हाय ह्यात कुठंतरी. हुडका.”

आम्ही दोघांनी हातांनी ढीग उपसायला सुरुवात केली. पत्रे, बोर्ड, वायरी. मीनाबाईंच्या बोटांतून रक्त यायला लागलं, तरी त्या थांबेनात. मग एकदम ताठ उभ्या राहिल्या.

“आवाज बंद करा सगळा. त्यो हाय तर वाजवंल.”

आकारामनं शेजारचं कटर बंद केलं. पोरांना गप्प बसायला सांगितलं. सगळे जागच्या जागी उभे. मीनाबाईंनी ढिगाला कान लावला.

आणि खरंच...

टिक. टिक. टिक.

त्यांनी डोळे मिटले. चेहरा उजळला. मीही श्वास रोखला. मग माझ्या लक्षात आलं, की मी ढिगावर हात टेकून उभा आहे आणि आवाज माझ्या मनगटावरच्या घड्याळाचा येतोय. मी हात मागं घेतला. आवाज गेला.

मीनाबाईंचं ते तोंड मला आयुष्यभर विसरता येणार नाही.

अंधार पडेपर्यंत शोधलं. पॅड मिळाला नाही. दुकानात परत आल्यावर त्या म्हणाल्या, “ते रिकाम्या खुर्चीचंच द्या काढून. स्टुडिओत नेते. तिथं तरी काय दिसतंय का बघते.” मी सगळे फोटो सीडीवर टाकून दिले. एकानंही अडथळा केला नाही.

रविवारी मला जायचं नव्हतं. पण घरी बसवेना. अकराच्या सुमाराला त्यांच्या घरी गेलो.

पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती. वंदना नुकतीच संपली होती. मेणबत्त्या, फुलं, आणि मध्ये मोठ्या फ्रेममध्ये तो फोटो.

गच्ची. लाल खुर्ची. रिकामी.

मला वाटलं, आता कुणीतरी विचारणार, हे काय ठेवलंय. एक म्हाताऱ्या नातेवाईक पुढं झाल्या, सगळे त्यांना आक्का म्हणत होते. फूल वाहून फोटोकडं बघत म्हणाल्या, “डोळं अगदी बापाचं घेतल्यात पोरानं.”

दीक्षा रडत म्हणाली, “हसू बघ की आक्का. असाच दाबून हसायचा आमचा प्रसेनजीत.”

त्याचे मित्र आले. एकानं फ्रेमवर हात फिरवला, बरोबर जिथं गाल असायला हवा तिथं.

मी पुढं गेलो. काचेला नाक लागेपर्यंत जवळ गेलो. खुर्चीच्या पाठीवरचे ओरखडेसुद्धा मोजता आले असते. खुर्चीत कोणी नव्हतं.

मागून हाताला कुणीतरी ओढलं. मीनाबाई. मला स्वयंपाकघराच्या दारात नेलं.

“स्टुडिओवाला म्हणला, फोटो झकास हाय, पोराला कोट घालू का? मला वाटलं चेष्टा करतोय. आता ह्या सगळ्यास्नी दिसतोय.” माझा हात त्यांनी सोडला नव्हता. “भाऊ, खरं सांगा. काल तुमास्नी बी दिसला न्हवता. आता दिसतोय?”

खरं सांगायचं होतं. शपथेवर सांगतो, तोंडाशी आलं होतं. पण घर माणसांनी भरलेलं, दिवस असा, आणि सगळं माझ्याच हातानं झालेलं. त्यांना बरं वाटावं एवढंच त्या क्षणी डोक्यात आलं. की स्वतःची सुटका करून घ्यायची होती, कोण जाणे.

“दिसतोय की मावशी,” मी म्हणालो. “चांगला दिसतोय.”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग मान हलवली.

“मग मलाच तेवढा न्हाय,” म्हणाल्या, आणि आत जाऊन पाहुण्यांच्या पानांकडं बघायला लागल्या.

मला वाटलं होतं मी त्यांना आधार दिला. घरी पोहोचेपर्यंत समजलं काय केलंय ते. साऱ्या जगात त्यांच्या सोबतीला मी एकटा होतो, आणि मीच बाजूला झालो.

दोन महिन्यांनी धीर करून खरं सांगायला गेलो. घराला कुलूप. शेजारी केरबा म्हणून एक गृहस्थ होते, ते म्हणाले, दीक्षाचं लग्न कबनूरला झालं, आईला घेऊन गेली. आईची दृष्टी गेली असं समजून सांगलीपर्यंत डोळ्यांचे डॉक्टर केले म्हणे. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. मी कबनूरला तीन वेळा जाऊन आलो. पत्ता कुणालाच माहीत नव्हता. मग जायचं सोडलं.

त्या सीडीची एक प्रत माझ्याकडं राहिली होती. लग्नानंतर एकदा, काही न सांगता, बायकोला तो फोटो दाखवला.

ती म्हणाली, “कोण हो हा? किती कोवळा आहे.”

मी स्क्रीन बंद केली. त्यानंतर तो फोटो कुणाला दाखवलेला नाही. स्वतः मात्र अधूनमधून उघडून बघतो.

दीक्षा, हे तुझ्या वाचनात आलं, तर आईला वाचून दाखव. डोळ्यांना काही झालेलं नाही म्हणावं. त्या दिवशी मी खोटं बोललो. मला तेव्हाही खुर्ची रिकामीच दिसली, आणि आजही रिकामीच दिसते.