अकरा दिवसांचं वर्ष

डबा ओट्यावर ठेव, निकिता, आणि बस जरा. हळू बोलते, आत आई जागी आहे.

आल्हाद, माझा धाकटा भाऊ, बत्तिसाव्या वर्षी गेला, ते तुला ठाऊकच आहे. दहाव्याला आम्ही रामकुंडावर होतो. पिंड मांडले, पण कावळा शिवेना. काका म्हणाले, "तुझ्या आईला आम्ही सांभाळू." कावळे समोरच्या तारेवर ढिम्म बसलेले.

"काही इच्छा राहिली असेल... आठवून बोला," गुरुजी म्हणाले.

मला आठवत होतं. गच्चीवरच्या दुर्बिणीतून तो एका मिणमिणत्या लाल ताऱ्याच्या मागे लागला होता. त्या ताऱ्याला अगदी चिकटून एक खडकाळ ग्रह फिरतो, पृथ्वीहून मोठा. अकरा दिवसांत त्याचं वर्ष संपतं. ग्रह आडवा आला की ताऱ्याचा उजेड किंचित घटतो, तेवढं कॅमेऱ्यात टिपायचं. "ताई, तिथे सूर्य जागचा हलत नाही, सावलीही सरकत नाही," हे तो शंभरदा सांगायचा. मी चिडवायचे, "मग जा तिथेच राहायला."

मी हात जोडून पुटपुटले, "तुझी वर्षं मी मोजेन."

लगेच कावळा शिवला.

तेव्हापासून दर अकरा दिवसांनी मी दुर्बीण लावते. पाचव्या खेपेनंतर हार बदलताना फोटोत त्याच्या कानशिलावर पांढरा केस दिसला. काच पुसली, तरी तो होताच. पुढे कपाळ मोठं झालं, गाल बसले. खोलीत तापलेल्या दगडाचा वास यायला लागला. खरं सांगू, मला भीती नाही, आनंद झाला. हुकलेलं आयुष्य तो कुठेतरी जगत होता.

परवा आईने फोटोकडे बघून विचारलं, "हे कोण गं? तुझ्या आजोबांसारखे दिसतात..."

तेव्हा मी बोटांवर हिशेब केला. पन्नास खेपा झाल्यात. तो ब्याऐंशी वर्षांचा झालाय. फोटोतली मान आता कललीय. मोजेन म्हणाले, कुठवर ते बोललेच नाही.

पुढची खेप आज संध्याकाळी आहे. मी दुर्बिणीवरचं कापड काढणार नाही. आईचा मुलगा दुसऱ्यांदा जायला नको.

पण सकाळपासून गच्चीच्या कठड्यावर एक कावळा बसलाय. भाताचा घास ठेवला, तो शिवत नाही. खिडकीतून बघ... ऊन पार दुसऱ्या बाजूला गेलं. त्याची सावली मात्र सकाळी पडली होती तिथेच आहे.