आधी हसा, मग भांडा

सकाळचे सात वाजले होते आणि ती बाहेरच्या खोलीत दाणदाण पाय आपटत होती. तेवढ्यात बेल वाजली. वाजली म्हणजे वाजतच राहिली, दाबणाऱ्याचं बोट बटणात अडकल्यासारखी. तिने दार उघडलं, तर खालच्या मजल्यावर महिन्याभरापूर्वी राहायला आलेला, घरीच घड्याळं दुरुस्त करणारा घड्याळवाला. कपाळावर सरकवलेलं भिंग, हातात चिमटा आणि चेहऱ्यावर असा संताप, की आता हा त्या चिमट्यानेच कोणाचा तरी जीव घेणार.

"तिळाएवढा स्क्रू होता," तो म्हणाला. "चार दिवस रोज उडतोय. आज तर सापडतही नाहीये. वर तुम्ही नक्की करता काय?"

ती शाळेत खेळ शिकवायची. तिची हाक मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाला पोचायची, म्हणून मुलांनी तिचं नाव भोंगा ठेवलं होतं. राग तर कायम नाकावर. अशा बाईला सकाळी सातला कोणी जाब विचारला, तर त्याचं काय होतं हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. याला मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

पण झालं भलतंच. तिच्या पायाशी बसलेला पांढरा कुत्रा त्या माणसाचा चेहरा बघून सोफ्यामागे पळाला आणि जाता जाता फरशीवर ओल करून गेला. चार दिवसांची मेहनत गेली! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तिने बत्तीसच्या बत्तीस दात दाखवून गोड हसायला सुरुवात केली.

"तुम्ही अत्यंत उद्धट माणूस आहात," ती हसत हसत म्हणाली. "हसा आधी. हसा, आणि मग काय बोलायचं ते बोला. तो बहिरा आहे. त्याला फक्त चेहरा कळतो."

घड्याळवाल्याने सोफ्यामागून डोकावणारं काळं नाक पाहिलं. मग त्याने ओठ फाकवले.

"हे... असं चालेल का?"

"दाढ दुखतेय असं वाटतंय. पण चालेल."

"मग ऐका," तो तसाच हसत म्हणाला, "तुमच्याइतकी बेजबाबदार बाई मी जन्मात पाहिली नाही."

सोफ्यामागे शेपटी एकदा हलली.

कुत्रा तिचा नव्हता. सोडून दिलेल्या कुत्र्यांच्या आश्रमातून तिने तो दीड महिन्यासाठी सांभाळायला आणला होता. आधीच्या मालकाने त्याला काठीने झोडपलं होतं, कारण काय तर म्हणे ऐकत नाही. ते कळलं तेव्हापासून ती त्या न पाहिलेल्या माणसावर रोज नव्याने चिडायची. आश्रमात आठ महिने तो पिंजऱ्यात होता. रस्त्यावर त्याला गाडी ऐकू येणार नाही, म्हणून अट एकच होती. उघड्या दारात, तळहात दाखवला की दहा आकडे मोजून होईपर्यंत त्याने थांबायचं. जमलं तर कुठलं तरी कुटुंब त्याला घेणार, नाही तर परत पिंजरा. हाक मारून तर उपयोग नाही, म्हणून ती पाय आपटायची. त्याला फरशीतून हादरा कळायचा, तो वळायचा, मग तिचा हात बघायचा. भोंगा म्हणवणाऱ्या बाईचा आवाज पहिल्यांदाच कामाचा नव्हता, आणि त्याचाही तिला राग येत होता.

तिला तो कायमचा ठेवता आला नसता. अर्जात स्पष्ट लिहिलं होतं, बहिऱ्या कुत्र्याच्या घरी दिवसभर माणूस हवा. सध्या आत्या होती, पण ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनपुरती आलेली. एका डोळ्याला पट्टी बांधून ती खुर्चीत बसायची आणि कुत्र्याला ठोंब्या म्हणायची. नाव ऐकू येणारच नाही, तर चांगलं कशाला वाया घालवायचं, असं तिचं म्हणणं.

घड्याळवाल्याशी तह झाला तो असा: सात ते सव्वासात पाय आपटायचे, तेवढा वेळ तो हात टेबलावरून काढून घेणार. सात म्हणजे सात. ती दोन मिनिटं उशिरा सुरू झाली की तो जिन्यात तिला गाठायचा.

"सात वाजून दोन," तो ठोंब्यासाठी तोंडभर हसत म्हणायचा. "तुमच्या शाळेत असंच चालतं?"

"तुमच्याकडे गिऱ्हाईक टिकतं कसं?" तीही तितक्याच गोडव्याने विचारायची.

असं रोज. कधी जिन्यात, कधी फाटकापाशी, कधी पावसात एकाच छत्रीखाली, कारण ठोंब्याला दोघांचेही चेहरे दिसायला हवे होते ना! छत्री त्याची, आणि ती भिजू नये म्हणून त्याचा अर्धा खांदा बाहेर. तो खांदा तिने पाहिला होता. पाहून तिला उगीच राग आला होता... नक्की कसला, ते कळत नव्हतं.

"अगं, भांडता आहात की काय ते नीट ठरवा," आत्या म्हणाली.

"आत्या, तुला काय दिसतंय पट्टीतून?"

"एका डोळ्याने दिसतंय तेवढं पुरे आहे मला."

दीड महिना सरत आला. ठोंब्या तळहातापुढे नऊपर्यंत थांबायला लागला, मग दहा. एक जोडपं त्याला बघायला येणार असं ठरलं. बुधवारी, अकराला. तिने शाळेतून रजा घेतली. घड्याळवाल्याला मात्र सांगितलं नाही. सांगायला दोनदा जिना उतरली आणि दोनदा परत वर आली. सांगताना चेहरा हसरा ठेवता आला नसता.

बुधवारी जोडपं आलं, आश्रमाच्या ताई आल्या. दार उघडलं. ठोंब्या उंबऱ्याच्या आत बसला, डोळे तिच्या तळहातावर. ताई मोजू लागल्या. पाच... सहा... सात...

ठक ठक.

खालून कोणीतरी छताला काठी ठोकली. फरशी हलकीशी थरथरली. ठोंब्याचे कान उभे राहिले आणि तो बाणासारखा दारातून जिन्याखाली गेला.

जोडप्यातली बाई म्हणाली, हा तर अजिबात ऐकत नाही की हो. नवऱ्याने मान हलवली आणि दोघं निघून गेले. ताईंनी हळू आवाजात सांगितलं की मग सोमवारी पिंजरा. आत्या एकदम पदराशी चाळा करू लागली, तेव्हा सगळा प्रकार बाहेर आला. भोंगा शाळेत गेली की रोज अकराला घड्याळवाला खालून दोनदा ठोकायचा, आत्या दार उघडायची, आणि ठोंब्या खाली जाऊन बिस्किट खाऊन यायचा.

ती जिना उतरली ती दोन-दोन पायऱ्या गाळत. घड्याळवाला दारात उभा होता, हातात बिस्किट, आणि ठोंब्या तिच्याकडे पाठ करून बसलेला. कुत्रा बघत नव्हता. म्हणजे हसायची सक्ती नव्हती. दीड महिन्याचा तुंबलेला राग तिने एका दमात बाहेर काढला. "दीड महिना रक्त आटवलं मी, आज त्याला न्यायला माणसं आली होती, आणि तुम्ही एका बिस्किटापायी त्याला पिंजऱ्यात पाठवलंत," ती म्हणाली, आणि तो भोंगा चार मजल्यांनी ऐकला.

त्याचा चेहरा उतरला. मग तोही भडकला.

"मला सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला. 'तुम्ही' म्हणणं कुठे गेलं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. "तो आज जाणार होता आणि मला कधी कळलं असतं? उद्या मी काठी ठोकून वर कोणी हललं नसतं तेव्हा? आणि आत्या गावी गेल्या की तूही मला जिन्यात ओळख दाखवणार नव्हतीस?"

"मी... सांगायला आले होते. दोनदा."

"मग?"

"हसता येत नव्हतं."

ठोंब्या वळला. दोघांचे तांबडेलाल चेहरे त्याने आळीपाळीने पाहिले. ती घाबरली, आता हा पळणार. पण तो पळाला नाही. तिच्या पावलावर बूड टेकून तिथेच बसला.

"तू सांगितलेल्या त्या अर्जात काय लिहिलंय?" घड्याळवाल्याने आवाज खाली आणत विचारलं. "दिवसभर घरी माणूस हवा. मी दिवसभर कुठे असतो?"

"पण तो माझा—"

"तुझाच. तू शाळेत असशील तेव्हा मी. आणि तू घरी असशील तेव्हाही..." तो अडखळला. "तेव्हाही मी आलो तर मला आवडेल. फार आवडेल. सात वाजून दोन मिनिटांनी आलीस तरी."

तिने त्याच्या हातातलं बिस्किट घेतलं आणि ती वर निघाली. मागून ठोंब्या, त्याच्या मागून तो.

ताई अजून आत्याशी बोलत होत्या. तिने परत दार उघडायला लावलं आणि तळहात दाखवला. घड्याळवाल्याने मनगटावरच्या घड्याळाकडे बघत एकेक आकडा मोजला. दहा झाले तरी ठोंब्या हलेना. पंधराला तिनेच हात खाली केला आणि बिस्किट दिलं.

ताईंनी अर्ज काढला. दिवसभर घरी कोण, तिथे त्याने स्वतःच्या अक्षरात स्वतःला लिहिलं. पुढचा रकाना होता, अर्जदाराशी नातं. त्याने पेन तिच्यापुढे धरलं.

"हा तू भर," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

तिने पेन घेतलं आणि लिहिलं: ठरतंय.

ताई म्हणाल्या, ऑफिसात असलं उत्तर चालत नाही.

"चालवून घ्या," आत्या म्हणाली. "दोन महिन्यांनी मी दुसरा डोळा करायला येणारच आहे. तोवर खोडून नीट लिहितील."

"तुम्ही दोघं अत्यंत आगाऊ माणसं आहात," ती म्हणाली. ठोंब्या तिच्या तोंडाकडे बघत जोरजोरात शेपटी हलवत होता, आणि या वेळचं हसू तिने ठरवून आणलेलं नव्हतं.