पंपाचा आवाज

तिनं केबिनचं दार असं काही ढकललं, की ड्रिलरच्या हातातला चहा त्याच्याच मांडीवर सांडला.

"पंप कुणी वाढवला?"

"मीच. नमस्कारही मीच केला असता… पण मांडी भाजलीय."

आज सकाळीच तेलविहिरीच्या रिगवर आलेली ती. याचं तोंडही पाहिलं नव्हतं, आणि आता पाहिलं तर हसरं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जमिनीखालचं माझं उपकरण पंपानं ढकललेल्या चिखलाच्या दाबातून ठोके पाठवतं. तुमच्या पंपाच्या गोंगाटात एक ठोका ऐकू येईल तर शपथ! मी तिकडे आंधळी बसलेय आणि तुम्ही सुसाट!"

"खडक मऊ लागतोय, बाईसाहेब."

"चिकणखडकही मऊच असतो! तेलाचा थर जेमतेम माणसाच्या उंचीचा. आडवं भोक त्यातून बाहेर गेलं तर कोसळेल, पाइप अडकेल, आणि सगळ्यांच्या महिनाभराच्या घामाचं पाणी!"

त्यानं पंपाचा वेग उतरवला. समोरच्या पडद्यावर ठोके उमटू लागले, आणि चिकणखडकाचा आकडा चढताना दिसला.

"बघा! थर सुटतोय. खाली वळवा!"

त्यानं निमूट वळवलं. पायानं एक स्टूल तिच्याकडे सरकवलं. ती बसली, तीही रागानंच.

"आता?"

"आता थांबा. उपकरण बिटच्या, म्हणजे खडक कापणाऱ्या टोकाच्या, पंधरा मीटर मागे आहे. पुढे काय होऊन गेलं, ते मला उशिरा कळतं."

दोघं खांद्याला खांदा लावून पडद्याकडे बघत राहिले. त्याच्या बाहीला डिझेलचा वास, कानामागे मातीचा एक वाळलेला ठिपका… तो ठिपका आपण का बघतोय, याचाही तिला राग आला. आकडा अडला, रेंगाळला — आणि हळूच उतरू लागला. भोक थरात परतलं होतं.

तिनं सुटकेचा निःश्वास टाकला. तो मात्र पडद्याकडे बघतच नव्हता.

"चुकलं माझं. यापुढे विचारल्याशिवाय पंपाला हात लावणार नाही."

"लावून तर बघा!"

"एक सांगू? तुम्हाला उशिरा कळतं म्हणालात, म्हणून आत्ताच सांगतो… इथे पुढे काहीतरी होऊन गेलंय. तुम्ही दार ढकललंत, तेव्हाच."

तिचे कान तापले. ती उठली, दारापर्यंत गेली, खटका हातात धरून तशीच थांबली.

"अजून चिडलेय मी."

"दिसतंय."

"पंप कमीच ठेव," ती म्हणाली, वळून न बघता. "मला ऐकायचंय."