आमच्या आधी वाजलेला ढोल

त्या दिवशी सकाळी थंडी होती, पण बोचरी नव्हती. ऊन कोवळं, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, आणि वारा इतका कमी की दोरीवरचे कपडेसुद्धा हलत नव्हते. अशा हवेत घरात बसणं म्हणजे पाप, असं मास्तर म्हणाले.

मास्तर म्हणजे आमच्या बँडचे ट्रंपेटवाले. मी ढोल वाजवायचो, माझा मेहुणा झांजा, आणि लांब्या सॅक्सोफोन. त्या आठवड्यात कुठे वाजवायला जायचं नव्हतं. माझी बायको लेकीकडे गेलेली. तेव्हा ठरलं, डोंगरातल्या तळ्यापाशी जायचं, पोटभर जेवायचं, झाडाखाली लोळायचं आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं.

आता गंमत ऐका. वाद्यं माझ्याच घरात, दाराशी ठेवलेली असायची. बस आली की आमची जन्माची सवय, ज्याने त्याने आपापलं वाद्य उचलायचं आणि पळत सुटायचं. त्या दिवशीही तेच झालं. ट्रंपेट आलं, सॅक्सोफोन आला, झांजा आल्या, एवढा थोरला ढोलही आला. जेवणाची टोपली मात्र घरातच राहिली. टोपली कुणाचंच वाद्य नव्हती ना.

हे कळलं ते जंगलात बरंच आत गेल्यावर.

"दाजी, टोपली कुठाय?" मेहुण्याने विचारलं.

"तुझ्याकडे."

"माझ्याकडे झांजा आहेत."

"मग चावून बघ, मऊ लागतील," लांब्या म्हणाला.

हसून हसून पोट दुखलं. मास्तरही हसले, पण हसता हसता खाली बसले. त्यांना साखरेचं दुखणं. सकाळी सुई टोचून घेतलेली; वेळेत पोटात काही गेलं नाही की हात कापायचे, घाम फुटायचा, आणि पुढे शुद्धच जायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, असं पडलात तर उठायची खात्री नाही. आम्ही खिसे उलटे केले. लांब्याच्या खिशात तंबाखू निघाली, मेहुण्याच्या खिशात बसची तिकिटं.

माघारी वळलो, तर धुकं. भर दुपारी, भिजलेल्या घोंगडीसारखं अंगावर पडलं. कुजक्या पानांचा वास सुटला. पाखरं गप्प झाली. पायवाट कुठे गेली कळेना. एका बाजूला दरी आहे एवढं ठाऊक होतं. कुठल्या बाजूला, ते कुणाला सांगता येईना.

"वाजवू या," मेहुणा म्हणाला. "ऐकून कुणीतरी येईल."

मी ढोल पोटावर घेतला, टिपरू उचललं...

धम्म.

"घुमतोय बघा डोंगरात," लांब्या खुशीत म्हणाला.

"अरे, पण मी अजून मारलंच नाही..."

टिपरू माझ्या हातात तसंच वर होतं. मेहुण्याने माझ्याकडे बघत झांजा हळूहळू लांब केल्या. त्या एकमेकींना लागायच्या आत धुक्यातून आवाज आला, छन्न. त्याने झांजा पोटाशी धरल्या, जशा काही त्या पळून जाणार होत्या.

मग ट्रंपेट. आमचीच चाल, मिरवणुकीत पहिली वाजवायचो ती. मास्तरांचं ट्रंपेट त्यांच्या मांडीवर पडलेलं, ओठ पांढरे. मास्तरांची एक खोड होती. त्या चालीत सूर वर चढताना, ऐन मोक्याला ते श्वास घ्यायचे आणि सगळ्यांचा ताल चुकायचा. धुक्यातलं ट्रंपेट वर चढलं, आणि नेमकं तिथेच थांबलं. श्वास ओढल्याचा आवाजही आला, अगदी जवळून.

"हा श्वास माझा आहे..." मास्तर पुटपुटले. "पुढे मीच चाललोय."

"मग मागून जाऊ," लांब्या म्हणाला. "एरवी तरी दुसरं काय करतो आपण?"

लांब्याने त्यांना पाठुंगळी घेतलं. आवाज पुढे, आम्ही मागे. आमचं पाऊल चुकलं की वाजणं थांबायचं. एकदा ते थांबलं तरी मी पाऊल टाकलंच. पायाखालचा दगड निसटला. तो खाली पोचल्याचं ऐकू येईल म्हणून मी उभा राहिलो... आलंच नाही ऐकू. उजवीकडून हलकेच ढोल वाजला. मी उजवीकडे वळलो.

भ्यायला हवं होतं, खरंय. पण चाल आपलीच. पाय आपोआप तालात पडायला लागले. मेहुणा गुणगुणायला लागला. लांब्याच्या पाठीवरून मास्तर त्याच्या खांद्यावर बोटांनी ताल धरत होते. ती बोटं थांबली की माझं काळीज थांबायचं. पुन्हा हलली की आम्ही तिघं वेड्यासारखे हसायचो.

पायाला डांबर लागलं. रस्ता. पलीकडे चहाचं दुकान. दुकानदाराने पाण्यात मूठभर साखर ढवळली आणि आम्ही ते थेंबाथेंबाने मास्तरांना पाजलं. किती वेळाने कोण जाणे, त्यांनी डोळे उघडले.

"गोड आहे," ते म्हणाले. "डॉक्टरला सांगू नका."

लांब्या रडलाच. एवढा उंच माणूस, रडताना कसा घडी पडल्यासारखा दिसत होता.

परतीच्या बसमध्ये आम्ही ती चाल वाजवली, तेव्हा कंडक्टर तिकिटं फाडायची विसरला. कानोसा घेऊनच वाजवली. या वेळी आमच्या आधी कुणी वाजवलं नाही. मास्तर चुकीच्या जागी श्वास घ्यायला थांबले, तेव्हा सगळ्या बसने टाळ्या वाजवल्या.

दिवे लागायच्या सुमाराला हसत, एकमेकांना ढकलत गल्लीत शिरलो. शेजारीण तिच्या पायरीवर उभी होती. मी किल्ली काढली, तशी तिने माझा हात धरला. बोटं गार पडली होती तिची.

"काका... दुपारीच तर तुम्ही चौघं वाजवत आलात. मी हाक मारली, कुणी वळून बघितलं नाही. आत गेलात, आतून कडी घातलीत. आत्तापर्यंत तुमचं हसणं ऐकू येत होतं... तुम्ही गल्लीत वळलात, आणि आत एकदम सगळे गप्प झाले."