ओठातली बॅटरी

"थुंका! आधी ती थुंका!"

त्याच्याशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. याहून गोड काही सुचलं नाही, आणि मला त्याचा पश्चात्तापही नाही.

झालं असं, की इस्पितळामागच्या गल्लीत माझी गाडी भिंतीला लावलेली, आणि तिच्यापुढे एक निळी गाडी खुशाल आडवी! मी अ‍ॅप्रनवरच तणतणत समोरच्या शिंप्याच्या दुकानात शिरले. निळी गाडी त्याचीच होती. स्वारी काउंटरवर वाकून रिमोट-चावीची बॅटरी स्वतःच बदलत होती. चावीची डबी नाण्यानं उचकटलेली, जुनी बॅटरी बाजूला काढलेली, आणि नवी चकचकीत, गोल बॅटरी... ओठांत!

मी लहान मुलांची सर्जन. असल्या बॅटऱ्या पोरांच्या घशातून काढल्यात मी. अडकली तर आतून भाजते. मग ओरडणार नाही तर काय?

त्यानं दचकून बॅटरी तळहातावर थुंकली. "अहो, टाचण्या धरतो मी अशा. सवय आहे."

"टाचण्यासुद्धा धरू नका."

"मग दोन हात पुरत नाहीत, डॉक्टर."

"तिसरा माझा घ्या."

बोलून गेले खरी! त्यानं मान वर केली. भुवईला दोऱ्याचा तुकडा अडकलेला, आणि डोळ्यांत हसू... अगं बाई, म्हटलं, हे काय आता? महिनाअखेरीला मी दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात रुजू होणार होते. हे असलं काही माझ्या बेतात नव्हतं.

मी डबी धरली. त्यानं अधिकची खूण बघून बॅटरी बसवली, डबी टक्कन मिटली, बटण दाबलं. गाडी ढिम्म!

"कडू आहे पण," तो तोंड वाकडं करत म्हणाला.

"मुलांनी गिळू नये म्हणून मुद्दाम कडू लेप लावतात. त्यावर तुमची लाळ. चालणार कशी?"

मी पर्समधल्या स्पिरिटच्या बोळ्यानं बॅटरी पुसली, कोरडी होऊ दिली, पुन्हा बसवली. निळ्या गाडीचे दिवे लुकलुकले आणि आम्ही दोघंही पोरांसारखे ओरडलो.

"गाडी काढतो लगेच," तो म्हणाला.

"घाई नाही," म्हणाले... मघाशी तणतणणारी मीच!

मग माझ्या अ‍ॅप्रनच्या बाह्या लांब वाटायला लागल्या. मग आखूड. तो बाही दुमडताना मनगटाला बोट लागलं की "सॉरी" म्हणायचा, आणि बोट तिथंच! गप्पा तर अशा रंगायच्या की इस्त्री तापून निवायची. मी महिनाअखेरीला कुठं जाणार, हेही त्याला सांगून झालेलं. पण मुद्द्याचं काही बोलेल तर शपथ. आणि माझे दिवस भराभर संपत चाललेले.

शेवटच्या आठवड्यात मीच कंबर कसली.

"एक विचारू?"

"बाही पुन्हा लांब झाली?"

"बाही गेली खड्ड्यात. मला तुम्ही आवडता. खूप आवडता. मी जातेय, आणि तुम्हीही तिकडे यावं असं मला वाटतं. आता तुम्ही बोला."

त्यानं कात्री खाली ठेवली. "आमच्या धंद्यात दोनदा मोजतात, मग कापतात."

"मग? झालं का मोजून?" मी आवाज ताठ ठेवला.

"घरमालकाला परवाच सांगितलं... महिनाअखेर दुकान सोडतोय म्हणून."

"मला न विचारता?"

"तुम्ही नको म्हणाला असतात तर पुन्हा त्याचे पाय धरले असते."

"आणि मला कधी सांगणार होतात?"

"रोजच! आरशासमोर सगळं पाठ केलंय. तुम्ही दारात आलात की विसरतो."

मी स्टूल ओढून बसले. "म्हणा आता. मी थांबते."

त्यानं म्हटलं. दोनदा अडखळला, एकदा मधलंच वाक्य गाळलं आणि मागे जाऊन ते घेऊन आला. "तुमच्याशिवाय मला करमणार नाही," हे तर तीन वेळा म्हणाला. आणि मी? जगाला टोकत फिरणारी मी, एका शब्दानं टोकलं नाही. डोळे पुसत नुसती ऐकत बसले.